हॉस्पिटलची थकबाकी दर मार्चला तेवढीच का राहते? बिघाड कुठे आहे आणि दुरुस्ती कशी करायची

मार्च जवळ आला की सीए विचारतात, "पेशंटांकडून येणं एवढं कसं?" बिलिंगवाला संगणकातून लांबलचक यादी काढून देतो. मालक डॉक्टर यादीवरून नजर फिरवतात. चार ओळखीची नावं सापडतात, दोन फोन होतात, थोडे पैसे जमा होतात आणि यादी ड्रॉवरमध्ये जाते. पुढच्या मार्चला तीच नावं, खाली नवी भर. मध्येच कधीतरी वसुलीला म्हणून एक माणूस ठेवला जातो. तो फोनवर आवाज चढवतो, एखादा नातेवाईक तालमीची पोरं घेऊन काउंटरवर उभा राहतो, आणि वसुलीवाला दिवाळीच्या आत काम सोडून जातो.

कोल्हापुरात राजारामपुरीतलं पन्नास खाटांचं हॉस्पिटल असो नाहीतर गडहिंग्लजमधलं पंधरा खाटांचं, हे चक्र सारखंच दिसतं. छोट्या आणि मध्यम हॉस्पिटलांचे हिशेब बघणं हे माझं काम. बघून बघून मत असं झालंय की वसुलीचा माणूस बदलून काही होत नाही. बाकी तयार होते ती भरतीच्या पहिल्या दोन दिवसांत, डिस्चार्जला ती फक्त नजरेला पडते. त्यामुळे बिघाड तिथूनच शोधायला हवा. पण त्याआधी एक काम आहे, ते कंटाळवाणं असल्यामुळे सगळीकडे राहून जातं.

यादीतली खोटी बाकी आधी वेगळी काढा

यादी उघडा आणि प्रत्येक नावापुढे विचारा: हे पैसे खरंच पेशंटनं द्यायचे आहेत का?

विम्याच्या केसेसपासून सुरुवात करा. टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणारी मधली संस्था. तिच्याकडून हॉस्पिटलला येणाऱ्या पैशांतून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा झालेला असतो. क्लेम मंजूर झाला ८० हजारांचा, बँकेत आले ७२ हजार. क्लार्क बँकेत आलेली रक्कम टाकतो आणि उरलेले ८ हजार पेशंटच्या खात्यावर बाकी म्हणून लोंबकळत राहतात. पेशंटचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ते पैसे हॉस्पिटलच्या पॅनवर सरकारजमा झालेले असतात आणि विवरणपत्र भरताना करात वळते होतात. आयकर पोर्टलवरच्या टीडीएस नोंदी उतरवून घ्या, कापणाऱ्याचं नाव, तारीख आणि रक्कम बघून क्लेमच्या सेटलमेंट पत्रांशी जुळवा, आणि या सगळ्या बाक्या एका बैठकीत मिटवा. ज्या हॉस्पिटलमध्ये टीपीएचं काम जास्त आहे तिथे एवढ्यानंच यादी बरीच आटते.

विम्यातलीच दुसरी गोष्ट म्हणजे दरकरार. कंपनीशी ठरलेले दर वेगळे आणि आपलं छापील दरपत्रक वेगळं असतं. बिल दरपत्रकानं निघतं, कंपनी कराराच्या दरानं देते. हा फरक पेशंटकडून मागायचा नाही असं करारातच लिहिलेलं असतं, पण करार फाईलमध्ये असतो आणि बिलिंगवाल्यानं तो कधी वाचलेला नसतो. फरक सवलतीच्या खात्याला टाका.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या केसेस पेशंटच्या यादीत असताच कामा नयेत. योजनेत मंजूर उपचारासाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत, म्हणजे जे काही येणं आहे ते शासनाकडून. कागद वेळेत अपलोड झाले नाहीत म्हणून क्लेम नाकारला गेला असेल, तर तो तोटा हॉस्पिटलचा. त्याचं वेगळं खातं करा आणि प्रत्येक नाकारलेल्या क्लेमपुढे कारण लिहा. तीच तीच दोन-तीन कारणं परत येताना दिसतील आणि तिथे कुणाला शिकवायचं ते आपोआप कळेल.

आता खास आपल्याकडची बाकी: तोंडी सवलत. डिस्चार्जच्या दिवशी कारखान्याच्या संचालकांचा फोन येतो, नाहीतर माजी नगरसेवकांचा. "डॉक्टर, आपलाच माणूस हाय, बघा की जरा." डॉक्टर केबिनमधूनच म्हणतात, "पाच हजार कमी घ्या रे." पेशंट घरी जातो, समाधानी असतो. सिस्टीममध्ये मात्र सवलतीची नोंद कुणीच केलेली नसते. सहा महिन्यांनी त्याच माणसाला बाकीचा फोन जातो आणि तो भडकतो. त्याचं भडकणं बरोबर आहे. सवलतीची चिठ्ठी त्याच दिवशी, डॉक्टरांच्या सहीनं, आणि कुणाच्या हिश्श्यातून कमी केलं हे लिहून घ्यायची. हा शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण बाहेरून येणाऱ्या सर्जनची फी पूर्ण दिली जाते आणि सवलत सगळी हॉस्पिटलच्या माथी बसते. सर्जनशी आधीच बोलून ठेवा: सवलत आणि बुडीत दोन्ही हिश्श्याप्रमाणे.

राहिले यूपीआयचे न जुळलेले पैसे. नातेवाईकानं मेडिकलच्या क्यूआरवर पैसे मारले, किंवा थेट डॉक्टरांच्या मोबाईल नंबरवर. मेडिकलची फर्म वेगळी, खातं वेगळं. हॉस्पिटलच्या बिलावर बाकी तशीच. प्रत्येक काउंटरचा क्यूआर वेगळा ठेवा, पैसे पाठवताना शेऱ्यात आयपी नंबर (भरती पेशंटचा नोंदणी क्रमांक) टाकायला सांगा आणि रोज संध्याकाळी बँकेचं स्टेटमेंट जुळवा. आठवड्यानं जुळवायला बसलं की ते होत नाही.

एवढं केल्यावर जी यादी उरेल तिला खरी थकबाकी म्हणा. तिचे वयाप्रमाणे तीन गट पाडा: ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ९० दिवसांची आणि त्यापुढची. पहिल्या गटावर सर्वांत जास्त वेळ द्यायचा. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं: जुनी मोठी रक्कम डोळ्यांत खुपते म्हणून सगळा जोर तिच्यावर, आणि मागच्या आठवड्यात घरी गेलेल्या पेशंटला कुणी फोनसुद्धा करत नाही.

भरतीच्या वेळी काय विचारलं जात नाही

रात्री अकराला चंदगडहून गाडी येते. पेशंट आत जातो. अशा वेळी आधी उपचार, हे वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य असल्याचं स्पष्ट केलं आहे. काउंटरवर मात्र वीस हजार डिपॉझिट मागितलं जातं, सोबतचा माणूस असतील तेवढे देतो, फॉर्मवर सही करतो आणि पैशांचं बोलणं तिथे संपतं. ते परत सुरू होतं थेट डिस्चार्जला.

सही करणारा आणि पैसे देणारा हे बहुतेक वेळा दोन वेगळे लोक असतात. सही मेहुण्यानं केलेली असते, कारण गाडी त्याची होती. पैसे देणारा थोरला भाऊ चाकणला कंपनीत असतो. डिस्चार्जनंतर फोन जातो मेहुण्याला, आणि मेहुणा म्हणतो, "मी सांगतो दाजींना." फॉर्मवर दोन्ही रकाने वेगळे करा: सोबत कोण आहे आणि खर्च कोण बघणार आहे. दुसऱ्या माणसाशी दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर एकदा बोला. बोलणं आजाराबद्दल असू द्या, शेवटी खर्चाचा अंदाज सांगा. तो माणूस इथून पुढे तुमचा संपर्क.

पत्त्यात गाव, वाडी आणि तालुका हे तिन्ही हवेत. नुसतं "मु. पो. कोल्हापूर" लिहिलेले फॉर्म मी पाहिलेत, पेशंट मात्र गगनबावड्याच्या पलीकडून, कोकणातून आलेला.

त्याच सकाळी पैसे कुठून येऊ शकतात ते तपासायचं. हे काम बिलिंगवाल्याचं नाही. त्यासाठी माणसांशी बसून बोलणारं कुणीतरी हवं. सायबर या इथल्या संस्थेतून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, घेतलेली मुलंमुली कोल्हापुरात मिळतात. वसुलीवाल्याला जो पगार देता त्यात एक समाजसेवक ठेवता येतो, आणि तो भरतीच्या बाजूला बसवा.

रेशनकार्ड आधी मागा. जन आरोग्य योजनेची जुनी दीड लाखाची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाली आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती लागू आहे. आमचं कार्ड केशरीसुद्धा नाही, आम्हाला कुठलं मिळतंय, असं म्हणून कार्ड घरी ठेवून येणारे अजून बरेच असतात. निपाणी, बेळगावकडून येणाऱ्या पेशंटचं गाव नीट विचारा, कारण सीमाभागातल्या ८६५ गावांनाही महाराष्ट्रानं ही योजना लागू केलेली आहे. योजनेची पूर्वमंजुरी उपचाराआधी लागते; आणीबाणीत फोनवरून कळवून काम सुरू करता येतं. पण चार दिवसांनी कार्ड सापडलं आणि ऑपरेशन होऊन गेलेलं असलं, तर फार उशीर झालेला असतो.

तुमचं हॉस्पिटल योजनेत नसेल तर? मग नातेवाईकांना सरळ सांगायचं की हा उपचार योजनेत मोफत होतो, आमच्याकडे योजना नाही, पेशंट हलवण्यासारखा आहे, सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा योजनेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलला नेण्याचा विचार करा. डॉक्टर मंडळींना हे पटत नाही. हातचा पेशंट कोण पाठवणार? पण ज्याला परवडत नाही त्याला ठेवून घेतलं, तर शेवटी ऑपरेशनही आपण करतो आणि बाकीही आपणच धरून बसतो. आणि योजनेची गोष्ट त्याला नंतर गावात कुणीतरी सांगतंच. तेव्हा तो "आम्हाला का सांगितलं नाही?" म्हणून पैसे द्यायचे थांबवतो.

महामार्गावरच्या अपघाताच्या केसेस वेगळ्या हाताळा. केंद्राच्या मे २०२५ मध्ये लागू झालेल्या योजनेत अपघातग्रस्ताला अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. नातेवाईक "अपघाताचा क्लेम मिळाला की सगळं भागवतो" म्हणतात, तेही मनापासून. पण मोटार अपघात न्यायाधिकरणाचा निकाल यायला वर्षं जातात. त्या आश्वासनावर बाकी ठेवू नका. पोलिसांचे कागद आणि योजनेची नोंद पहिल्याच दिवशी उरका.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणारा पेशंट असेल तर ईएसआयसीचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, नंबर विचारा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात, कंत्राटी कामगारसुद्धा. आपल्या पगारातून कपात होते हेच पुष्कळांना माहीत नसतं.

धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एए खाली निर्धन रुग्ण निधी आहेच. बिलाच्या २ टक्के रक्कम त्यात बाजूला काढायची असते, १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेले निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल. गंमत अशी की काही ठिकाणी निधीत पैसे शिल्लक पडून असतात आणि त्यात बसणारे पेशंट थकबाकीच्या यादीत दिसतात. कारण उत्पन्नाचा दाखला भरती असताना कुणी मागितलेलाच नसतो.

विम्याच्या पेशंटची बाकी नेमकी कुठे तयार होते

"आमचा विमा आहे, पैशांची काळजी नाही" म्हणणाऱ्या पेशंटचीच बाकी राहते, हे बघून नवे बिलिंगवाले चक्रावतात. कारण बहुधा खोली असते.

समजा पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ३ हजार आहे आणि नातेवाईकांनी ६ हजारांची डीलक्स घेतली, पाच दिवस. त्यांचा हिशेब सोपा: वरचे रोजचे ३ हजार आम्ही भरू, म्हणजे १५ हजार. पण पात्रतेपेक्षा महाग खोली घेतली की बहुतेक पॉलिसींमध्ये सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. हे खर्च ६० हजार असतील तर कंपनी देणार ३० हजार. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. ते ३० हजारांचे असले तर पूर्ण मिळतात. एकूण बिल १ लाख २० हजार, कंपनीकडून ७५ हजार, पेशंटच्या वाट्याला ४५ हजार. त्याच्या मनात होते १५. हा ३० हजारांचा धक्का डिस्चार्जच्या दिवशी दुपारी बसतो, आणि "तुम्ही आधी सांगायला पायजे होतं" यावर काउंटरवर कुणाकडेच उत्तर नसतं.

खोली देतानाच पॉलिसी बघून हा हिशेब एका कागदावर मांडून द्यायचा आणि सही घ्यायची. निम्मे लोक स्वतःहून साधी खोली मागतात. सहभाग रक्कम (पॉलिसीप्रमाणे पेशंटनं स्वतः भरायचा वाटा), मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनची ठरलेली मर्यादा, हातमोजे-डायपरसारख्या न मिळणाऱ्या वस्तू, हेही त्याच कागदावर.

अंतिम मंजुरीला उशीर होतो म्हणून नातेवाईक वैतागून निघून जातात, मग पैसे मागे लागून घ्यावे लागतात. विमा नियामकानं मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कंपनीनं पूर्वमंजुरीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. त्याहून उशीर होऊन खर्च वाढला तर तो कंपनीवर. ही मुदत मोजायची तर आपण कागद कधी पाठवले त्याची वेळ नोंदवलेली हवी. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी "आज सोडू" म्हटलं आणि डिस्चार्ज कार्ड चार वाजता तयार झालं, तर कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही.

रोजचं बिल

भरतीनंतर ४८ तासांनी आणि पुढे रोज, खर्च बघणाऱ्या माणसाला आजवरचं बिल, भरलेले पैसे आणि फरक व्हॉट्सॲपवर पाठवा. तीन ओळी पुरे. आयसीयूतला पेशंट असेल तर समोर बसवून सांगा, मेसेजवर नको. अंदाजपत्रक बदलत असेल, म्हणजे दोन दिवस धरलेला व्हेंटिलेटर पाच दिवस लागतोय, तर बदल त्याच दिवशी सांगा. डॉक्टरांनी वैद्यकीय कारण सांगायचं, समाजसेवकानं आकडा. दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आल्या की नातेवाईकांना वाटतं पैशासाठी ठेवलंय.

बाकी डिपॉझिटच्या किती पट झाली की पुढचा ॲडव्हान्स मागायचा हे लिहून ठरवून ठेवा. "बघू, माणसं चांगली दिसतात" हे धोरण नव्हे. माणसं चांगलीच असतात. त्यांनाही आकडा वेळेत कळला तर गावाकडे जुळवाजुळव करायला दिवस मिळतात.

डिस्चार्जच्या दिवशी काय करायचं नाही

बिलासाठी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्राच्या सुश्रुषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या सुधारणेनं रुग्णहक्क सनद आलेली आहे, ती आणि दरपत्रक दोन्ही दर्शनी भागात लावायची असतात. रुग्णानं मागितल्यावर उपचाराची कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. बाकीचं कारण सांगून ती अडवून ठेवू नका. मोटरसायकलची चावी, आधार कार्ड, मंगळसूत्र ठेवून घेणं हेही तितकंच चूक आणि त्यातून पोलीस ठाणं गाठायची वेळ येते.

रोखीबद्दल एक: एका पेशंटच्या एका उपचारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तुकडे करून वेगवेगळ्या दिवशीसुद्धा. घेतले तर तेवढाच दंड हॉस्पिटलला. ऊसबिल काढून पिशवीत पैसे घेऊन आलेल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं, म्हणून आधीच सांगून ठेवा.

करायचं एवढंच की बाकी राहणारच असेल तर ती लेखी राहू द्या. साधं मराठी हमीपत्र, एक पान: एकूण बिल, भरलेली रक्कम, बाकी, हप्ते, खर्च बघणाऱ्याची सही आणि पत्ता. फायनल बिलाची प्रत सोबत जोडा.

हप्ता पैसे हातात येतील तेव्हाचा ठरवा

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक हॉस्पिटलांचं हमीपत्र इथेच फसतं. छापील फॉर्मवर लिहिलेलं असतं "दर महिन्याच्या ५ तारखेला". पाच तारखेला पगार होतो नोकरदाराचा. राधानगरीच्या शेतकऱ्याच्या हातात पाच तारखेला काय असतं?

दूध घालणाऱ्या घराला दर दहा दिवसांनी गावच्या संस्थेतून दूध बिल मिळतं. पशुखाद्याची कपात होऊन रक्कम लहान असते, पण वर्षभर नेमानं येते. अशा घराशी महिना तीन हजारांऐवजी दर बिलाला एक हजार ठरवा. घरातल्या बाईशी बोलून ठरवा, कारण दूध बिलाचा हिशेब तिच्याकडे असतो. दिवाळीच्या तोंडावर दूध दरफरक मिळतो, मोठा हप्ता तिथे लावता येतो.

उसाचं वेगळं. "ऊसबिल आलं की देतो बघा" हे वाक्य कोल्हापूरच्या प्रत्येक काउंटरवर ऐकू येतं आणि ते टाळण्यासाठी म्हटलेलं नसतं. पण त्यावर दोन प्रश्न विचारायला हवेत. एक, ऊस तुटला का, की तोड यायचीय? गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. आडसाली लागण (जवळपास दीड वर्षाचं पीक) आणि खोडवा (तोडलेल्या उसाला पुन्हा फुटून आलेलं पीक) यांची तोड एकाच वेळी येत नाही. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान दरानं, पैसे द्यावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, कारखान्यागणिक पुढेमागे होतं ते निराळं. दोन, सोसायटीचं पीककर्ज किती आहे? बिल जिल्हा बँकेत जमा होतं, सोसायटीची कपात होते आणि मग उरलेलं हातात येतं. दीड लाखाचं बिल म्हणणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात साठ हजार येत असतील, तर पन्नासचा हप्ता लिहून घेणं म्हणजे कागद वाया घालवणं. कारखाना कोणता, तोड कधी, कपात किती, हे हमीपत्राच्या मागे लिहून ठेवा आणि फोन त्या हिशेबानं करा.

इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराचा पगार आठवड्याला होतो. त्याला महिन्याचा हप्ता जड जातो, आठवड्याचे पाचशे जड जात नाहीत. एमआयडीसीवाल्याला सात-दहा तारीख बरी. गवंडी, सेंट्रिंगवाले यांचा काही नेम नसतो. त्यांच्याशी रक्कम लहान ठेवा आणि मुदत लांब.

बाकी एकदम भरली तर थोडी सवलत हा पर्यायही हमीपत्रावरच छापा. मागणाऱ्याला दहा टक्के आणि न मागणाऱ्याला काहीच नाही, असं झालं की गावात बोभाटा होतो.

फोन

पहिला फोन डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी, तब्येत विचारायला. टाके कसे आहेत, औषध मिळालं का, ड्रेसिंगला कधी येणार. पैशांचा विषय काढायचा नाही. हा फोन नर्सनं केला तर उत्तम. दुसरा फोन पहिल्या हप्त्याच्या दोन दिवस आधी, समाजसेवकाकडून: "काका, परवा दूध बिल होईल ना, तेवढं पाठवा." हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी फोन, पंधरा दिवसांनी नाही.

फोन उचलणारा कोण आहे हे विचारल्याशिवाय आजार किंवा बाकी यातलं काही बोलू नका. सरपंचाला, शेजाऱ्याला, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगणं तर अजिबात नाही. पेशंटची माहिती गोपनीय आहे, आणि अब्रू गेल्यावर माणूस पैसे द्यायला येत नसतो, भांडायला येतो.

पेशंट दगावलेला असेल तर तेराव्याच्या आधी फोन नको. आणि पहिला फोन डॉक्टरांचा हवा. उपचाराबद्दल घरच्यांच्या मनात काही राहिलं असेल तर ते आधी ऐकून घ्या. बाकीचं कारण पुष्कळदा तिथे असतं.

तरीही नाही आले तर

साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं सहीनिशी बाकी कबूल केली, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद सहीनं दिली, तर मुदत तिथून नव्यानं सुरू होते. म्हणून प्रत्येक हप्त्याला पावतीच्या स्थळप्रतीवर देणाऱ्याची सही घ्या. ऑनलाइन भरलं असेल तर पुढच्या ड्रेसिंगला आल्यावर घ्या.

भरतीच्या वेळी कोरा चेक घेऊ नका. हमीपत्रासोबत रक्कम आणि तारीख लिहिलेला चेक चालतो. तो परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. एक तारीख हुकली की प्रकरण अवघड होतं, त्यामुळे चेकची वही एकाच माणसाकडे ठेवा.

दाव्याआधी लोकअदालत. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. कोर्ट फी लागत नाही, तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नाही. लहान रकमांसाठी मला हा सर्वांत बरा मार्ग वाटतो. मात्र नोटीस काढण्याआधी ते बिल पुन्हा एकदा वाचा. दोनदा लागलेली तपासणी, न वापरलेलं इम्प्लांट, परत केलेल्या औषधांची न केलेली वजावट असं काही त्यात निघालं, तर समोरचा माणूस ग्राहक आयोगात जाईल आणि तुम्हीच उत्तरं देत बसाल.

ज्यांच्याकडून येणं शक्यच नाही त्यांची नावं वर्षातून एकदा बसून, कारण लिहून, बुडीत खात्याला टाका. ओळ नुसती पुसून टाकू नका, नाहीतर तोच पेशंट पुढच्या वेळी आल्यावर काहीच कळत नाही.

पावसाळ्यात बाकी परत वाढली तर

वरचं सगळं करूनही जुलै ते सप्टेंबर यादी फुगताना दिसली तर लगेच घाबरून वसुलीवाला शोधू नका. तापाचे, डेंगीचे, लेप्टोचे पेशंट वाढतात, ऊसबिलाचे पैसे शाळेच्या फीला आणि खतांना गेलेले असतात, आणि पूर आला तर शिरोळ, करवीरकडच्या घरांत दूधसुद्धा संस्थेपर्यंत पोचत नाही. या तीन महिन्यांतली हमीपत्रं वेगळी काढा, लहान हप्ते दूध बिलाला आणि मोठा हप्ता तोडीनंतरच्या पहिल्या उचलीला, म्हणजे कारखान्याकडून येणाऱ्या पहिल्या पैशांना, लावा. डिसेंबरअखेर ती वेगळी काढलेली फाईल तपासा. तोवर त्यातले हप्ते सुरू झाले नसतील तर भरतीच्या फॉर्मकडे परत जा आणि "खर्च कोण बघणार आहे" हा रकाना किती फॉर्मवर कोरा आहे ते मोजा.